दोन अवतरणचिन्हांचा अर्ज

प्रति,
मा. सचिव, माहिती तंत्रज्ञान,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : पोर्टलांवरील लांब क्रमांक संख्या म्हणून न हाताळता मजकूर म्हणून हाताळण्याबाबत.

महोदय,

सरकारी पत्राला विषयाची ओळ लागते म्हणून वर ती लिहिली. मला मात्र हे पत्र लिहिताना आठवते आहे ती एक चुरगळलेली पावती.

१४ जून २०२३. एका तालुक्याच्या गावी दाखल्यांचे आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांचे शिबिर होते. मांडव, सहा टेबले, सहा लॅपटॉप, मध्येच जाणारी वीज. एका बाईंनी मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आणि पावती घेऊन त्या घरी गेल्या. पावतीवर सतरा अंकी क्रमांक होता : २०२३०६१४११०७००४५७. पहिले आठ अंक तारखेचे, मधले चार केंद्राचे, शेवटचे पाच त्या दिवशीच्या अनुक्रमाचे. म्हणजे शिबिरातला चारशे सत्तावन्नावा अर्ज.

तीन आठवड्यांनी त्या केंद्रावर आल्या. केंद्रातल्या मुलाने ‘अर्जाची स्थिती’ या पानावर क्रमांक टाकला. उत्तर आले : नामंजूर. कारण : उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही. बाई म्हणाल्या, “दादा, दाखला मी स्वतः काचेवर ठेवला होता, तुमच्यासमोर.” दाखला पिशवीत होता, तहसीलदारांच्या सहीचा. मुलाने नवा अर्ज भरायला घेतला, तर पोर्टल म्हणाले, या आधार क्रमांकावर अर्ज आधीच दाखल आहे. जुना नामंजूर आणि नवा भरता येत नाही. बाई परत गेल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आल्या, पुन्हा तेच.

त्यांचा अर्ज मंजूर झालेला होता. पानावर दिसत होता तो चारशे छप्पन्नाव्या अर्जदाराचा निकाल. गोपनीयता पाळायची म्हणून स्थितीच्या पानावर नाव दाखवायचे नाही, असे आम्हीच ठरवले होते, त्यामुळे अदलाबदल कोणाच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता.

आम्ही म्हणजे ते पोर्टल बनवणारे. ज्या कंपनीत मी तेव्हा होतो तिचे नाव घेत नाही आणि योजनेचेही नाही. तो कोड माझ्या हाताखालच्या एका हुशार मुलीने लिहिला होता आणि तपासला मी होता.

चूक पकडली ती केंद्रातल्या त्या मुलाने. संगणकशास्त्रात त्याने काही केले नव्हते, बारावीनंतर टायपिंग शिकला होता. त्याने शिबिरातल्या पावत्यांच्या झेरॉक्स एकापुढे एक मांडल्या आणि क्रमांक एकेक करून टाकले. मग मला फोन केला. “सर, चारशे चोपन्नपासून अठ्ठावन्नपर्यंत कुठलाही नंबर टाका, एकच उत्तर येतंय. एकोणसाठला दुसरं येतंय.” मी काय सांगितले असेल? जे आमच्या धंद्यातला प्रत्येक जण सांगतो तेच. म्हटले, कॅशे साफ कर, ब्राउझर बंद करून उघड. त्याने ते आधीच केले होते.

संध्याकाळी मी स्वतः बसलो. ४५४, ४५५, ४५६, ४५७, ४५८ या पाचही शेपट्यांचे रूपांतर ४५६ मध्ये होत होते. ४५९, ४६० आणि ४६१ हे तिघे ४६० होत होते. मग ४६२ ते ४६६ हे पाच जण ४६४. पाच, तीन, पाच, तीन. विणकामातल्या टाक्यांसारखा नेमका नमुना. इतकी शिस्तबद्ध चूक यंत्रच करू शकते. डोक्यावर हात मारून घेतला, कारण हा नमुना मला ओळखीचा होता. वीस वर्षांपूर्वी मी तो शिकलो होतो आणि दुसऱ्यांना शिकवलाही होता.

महोदय, आता थोडे गणित सांगतो. कंटाळवाणे होऊ देणार नाही.

बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि राजाचे कोठार रिकामे. त्या पटाच्या पहिल्या त्रेपन्न घरांतल्या दाण्यांची बेरीज होते ९००७१९९२५४७४०९९१. नव्वद कोटी कोटींहून थोडी अधिक. ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा पूर्णांक बिनचूक मोजते ते इथपर्यंतच. चौपन्नाव्या घराचे दाणे मिळवून बेरीज विचारा, ती एक दाणा जास्त सांगेल. आणि सांगताना बिचकणार नाही. तुमचा पूर्णांक माझ्यात मावत नाही, असे ती कधी म्हणत नाही. जवळचा मावणारा आकडा घेते आणि पुढे चालू लागते. आपल्याकडे याला गोळाबेरीज म्हणतात.

असे का, तर ही भाषा १९९५ साली नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत उभी केली, आणि तिच्यात संख्येचा एकच प्रकार ठेवला. तो प्रकार मोजमापासाठी आहे. ६४ बिटांपैकी एक चिन्हासाठी, ११ दशांशचिन्ह कुठे सरकवायचे त्यासाठी, आणि उरलेले ५२ प्रत्यक्ष अंकांसाठी. एक गृहीत धरलेला बिट मिळून त्रेपन्न. पुण्याहून सूर्य किती लांब, हे सांगताना शेवटच्या सेंटिमीटरला महत्त्व नसते. तिथे हा प्रकार उत्तम. पानावरची चित्रे हलवायची, बटणाचा रंग बदलायचा, एवढ्यासाठीच ती भाषा जन्माला आली होती. तालुक्याच्या शिबिरातले अर्ज तिच्यावर येऊन पडतील हे तेव्हा कोणाच्या स्वप्नात असणार? दोष भाषेचा कमी, तिच्या हाती काय द्यावे याचा विचार न करणाऱ्यांचा जास्त.

मर्यादेच्या पुढे गेले की आधी एक सोडून एक आकडा गळतो. म्हणजे विषम संख्या नाहीशा होतात, फक्त सम उरतात. आणखी पुढे चारांपैकी तीन गळतात, मग आठांपैकी सात. २०२३ ने सुरू होणारा सतरा अंकी क्रमांक चाराच्या टप्प्यात येतो. म्हणून पाच-तीन-पाच-तीन.

एक गंमत इथेच सांगून टाकतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त दशमान स्थानांची अठरा नावे आहेत आणि त्यांतल्या सोळाव्या स्थानाचे नाव आहे ‘अंत्य’. जावास्क्रिप्टची मर्यादा सोळा अंकी आहे, नऊ अंत्यांच्या किंचित पुढे. आचार्यांची यादी त्यानंतरही चालते, मध्य आणि परार्ध. आमची भाषा मात्र अंत्यालाच दमते.

पण गणितापेक्षा मोठी अडचण शब्दाची आहे, असे माझे मत झाले आहे. इंग्रजीत ‘नंबर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना चालतो. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत : संख्या आणि क्रमांक. पोत्यांची संख्या असते, खोलीचा क्रमांक असतो. संख्येची बेरीज होते, सरासरी निघते, तिला कमी-जास्त म्हणता येते. क्रमांक ही नुसती खूण. पिन कोडांची सरासरी कोणी काढत नाही. सातबाऱ्यावरच्या गट नंबरांची बेरीज करणारा तलाठी मी अजून पाहिलेला नाही. गट नंबरात तिरपी रेघ आणि ‘अ’, ‘ब’ येतात म्हणून तो बिचारा वाचला, नाहीतर त्यालाही कोणीतरी संख्येच्या रकान्यात कोंबला असता. क्रमांक अंकांनीच लिहिलेला असला की प्रोग्रॅमर फसतो. दिसायला संख्या, म्हणून प्रकारही संख्या. पुढे शून्य असेल तर तेही खाल्ले जाते, कारण संख्येच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते. क्रमांकाच्या असते.

आमच्या त्या पानावर झाले ते एवढेच. चौकटीत टाकलेला मजकूर मुलीने संख्येत बदलला, कारण कोणी अक्षरे टाकली तर ती अडवायची होती. हेतू चांगला. पण त्या क्षणी ४५७ चे ४५६ झाले आणि सर्व्हरकडे गेले ते ४५६. आमच्या चाचण्यांत अर्ज क्रमांक एकपासून पन्नासपर्यंत होते. घाई असली की १२३४५. सगळ्या चाचण्या हिरव्या.

याहून फसवे प्रकरण असते ते सर्व्हरकडून ब्राउझरकडे येताना. डेटाबेसमध्ये मोठ्या पूर्णांकाला ६४ बिट मिळतात, १८ अंकांपर्यंतचे आकडे तिथे सहज मावतात. सर्व्हरवरची जावा तो क्रमांक जसाच्या तसा वाचते आणि जेसन नावाच्या मजकुरात लिहून पाठवते. तारेवरून जाताना क्रमांक शाबूत असतो. खरे घोडे पेंड खाते ते ब्राउझरच्या दारात. जेसन उलगडताना अवतरणचिन्हांशिवाय आलेले अंक दिसले की ब्राउझर त्यांची संख्या करतो आणि शेपूट बदलून टाकतो. मग बैठक भरते. बॅकएंडवाले म्हणतात, आमच्या नोंदीत बरोबर आहे. फ्रंटएंडवाले म्हणतात, आम्हाला आले ते आम्ही दाखवले. दोघेही खोटे बोलत नाहीत. मी अशा दोन बैठकांना बसलो आहे. एकीत चहा तीनदा आला.

जेसनचे नियम सांगणाऱ्या डिसेंबर २०१७ च्या आरएफसी ८२५९ या दस्तऐवजात ही मर्यादा स्पष्ट लिहिलेली आहे : पूर्णांक त्रेपन्न बिटांच्या आत असतील तरच सगळीकडे सारखे वाचले जातील, असा भरवसा धरता येतो. जेसनमध्ये मोठा आकडा लिहायला मनाई नाही, तो दुसरीकडे तसाच वाचला जाईल याची हमी तेवढी नाही. ट्विटरला हे २०१० मध्येच उमगले होते. त्यांनी ट्विटांना मोठे क्रमांक द्यायची नवी पद्धत आणली, ते क्रमांक त्रेपन्न बिटांत मावेनात, म्हणून प्रत्येक क्रमांक दोनदा पाठवायला सुरुवात केली : एकदा संख्या म्हणून, एकदा मजकूर म्हणून. डिस्कॉर्ड तर असे क्रमांक मजकूर म्हणूनच पाठवते. गूगलच्या प्रोटोबफ या पद्धतीतही ६४ बिटी पूर्णांक जेसनमध्ये अवतरणचिन्हांत घालायचे असा नियमच आहे. जगाने ठेच खाल्ली, शहाणे झाले. आपण त्याच दगडावर मुलांना चालायला पाठवतो आहोत, आणि दगड कुठे आहे हे सांगत नाही.

आपल्या घरातलेच एक उदाहरण देतो, आणि हे कौतुकाचे आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी एक परिच्छेद ठरलेला असतो : सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक. तो संकेतांक अठरा अंकी असतो आणि त्याची सुरुवात तारखेने होते. अठरा अंक म्हणजे आचार्यांचे परार्धाचे स्थान, जावास्क्रिप्टच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे. तो संख्या म्हणून वाचला तर बत्तीसाच्या टप्प्यात येईल, म्हणजे बत्तीसांतले एकतीस संकेतांक जगातून नाहीसे. तसे होत नाही, कारण तोच संकेतांक पीडीएफ फाइलीचे नाव म्हणून वापरला आहे, आणि फाइलीचे नाव म्हणजे मजकूर. ज्याने कोणी हे ठरवले त्याने कदाचित एवढा विचार केला नसेल. पण निवड अचूक पडली. माझी मागणी याहून मोठी नाही. जे शासन निर्णयाला मिळते ते त्या बाईंच्या अर्जालाही मिळावे.

आता एक्सेल. याबद्दल लिहिले नाही तर पत्र अपुरे राहील, कारण मंत्रालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत शेवटी सगळे एक्सेलवर येऊन थांबते. प्रत्येक पोर्टलवर ‘डाउनलोड’ची हिरवी खूण असते. फाइल उतरवून नुसती उघडली तरी एक्सेल अंकांची संख्या करते, आणि तिची मर्यादा आणखी आखूड : पंधरा अंक. पुढच्या अंकांच्या जागी ती शून्ये भरते. आमचा सतरा अंकी क्रमांक तिथे ...४०० असा उरतो. म्हणजे चारशेपासून चारशे नव्व्याण्णवपर्यंतचे सगळे अर्जदार एकाच क्रमांकावर. जावास्क्रिप्ट पाचांना एक करते, एक्सेल शंभरांना. शिवाय रकान्यात दिसते २.०२३०६ आणि पुढे ई अधिक सोळा. कारकून ते पाहून रकाना रुंद करतो, काही होत नाही, मग तो ‘नंबर’ हे स्वरूप निवडतो आणि शून्ये दिसू लागतात. फाइल जतन केली की मूळ अंक गेले ते गेले. पंधरा अंकांच्या पलीकडचा तपशील परत आणणारे बटण एक्सेलमध्ये नाही.

आपण म्हणाल, आधार तर बाराच अंकी आहे, त्याला काय धोका? बरोबर, आधार वाचतो. पण २०१८ पासून आधारऐवजी देता येणारा आभासी क्रमांक सोळा अंकी आहे. सोळा नऊ लिहून जावास्क्रिप्टला विचारा, ती एकावर सोळा शून्ये सांगते. सुदैवाने आधार आणि आभासी क्रमांक दोन्हींचा शेवटचा अंक हा व्हेरहोफ या डच गणितज्ञाच्या पद्धतीने काढलेला पडताळणीचा अंक आहे. एखादा अंक बदलला तर ती पद्धत लगेच ओरडते. म्हणजे तिथे चूक झाली तर निदान ‘अवैध क्रमांक’ असे कळेल, दुसऱ्याचे पान उघडणार नाही. आमच्या अर्ज क्रमांकात असा पडताळणीचा अंक नव्हता. तो असता तर बाईंच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या. सिमकार्डावर छापलेला क्रमांक एकोणीस-वीस अंकी असतो, काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात. या सगळ्यांना हाच पट आणि हीच त्रेपन्न घरे.

पैशांचे काय, हा प्रश्न मला वित्त विभागातल्या एका स्नेह्याने विचारला होता. मी कागदावर मांडून दाखवले. २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प सुमारे ५०.६५ लाख कोटी रुपयांचा. तो पूर्ण पैशांत मोजला तरी जावास्क्रिप्टच्या मर्यादेत मावतो. मर्यादा आहे सुमारे ९० लाख कोटी रुपयांची. स्नेही खूश झाले. मग म्हटले, २०२४-२५ मध्ये देशभर यूपीआयवरून सुमारे २६० लाख कोटी रुपयांचे व्यवहार झाले, त्यांची बेरीज पैशांत करा, ती मावत नाही. तिथे चार पैशांच्या टप्प्याने हिशेब सरकतो. चार पैसे कोणाच्या खिजगणतीत नसतात, पण ताळा जमत नाही म्हणून रात्री अकरापर्यंत बसलेले लोक मी बँकेत पाहिले आहेत.

अशा खऱ्याखुऱ्या मोठ्या संख्यांसाठी आता जावास्क्रिप्टमध्ये बिगइंट नावाचा प्रकार आहे. २०१८ मध्ये तो क्रोममध्ये आला, २०२० मध्ये भाषेच्या प्रमाणात दाखल झाला. हवे तेवढे अंक, शेवटच्या दाण्यापर्यंत बिनचूक. मला त्याचा स्वभाव आवडतो. साध्या संख्येत तो मिसळू पाहिला तर चालू कामच थांबवतो. जेसनमध्ये लिहायला सांगितले तर सरळ नकार देतो. नव्या मुलांना हे आडमुठेपणाचे वाटते आणि ती त्याला परत साध्या संख्येत बदलून गप्प करतात. धूर दिसला म्हणून घंटा वाजली आणि घंटेचीच तार तोडली, तशातली गत.

बिगइंटने सगळे सुटले असे समजणारेही भेटतात. परवा एका मुलाखतीला आलेल्या मुलाने ठामपणे सांगितले, “सर, जेसन आला की त्यातल्या आयडीला बिगइंट करायचं, झालं.” मी त्याला करून दाखवायला सांगितले. त्याने केले, उत्तराच्या शेवटी बिगइंटचे ‘एन’ हे अक्षर आले, आणि अंक चुकलेलेच होते. जेसन उलगडला त्याच क्षणी क्रमांकाची शेपूट तुटली होती; नंतर कितीही मोठ्या पेटीत ठेवला तरी पेटीत तुटकाच जाणार. मुलगा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे यायच्या आधीच गेलं.” त्याला मी घेतले.

उपाय फुकटचा आहे. क्रमांकाच्या दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हे. सर्व्हरवर एका ठिकाणी ठरवायचे की लांब क्रमांक जेसनमध्ये मजकूर म्हणून जाईल, आणि पानावर त्याला कधीही संख्येत बदलायचे नाही. अक्षरे अडवायची असतील तर प्रत्येक चिन्ह अंक आहे का ते पाहावे, त्यासाठी संख्या करावी लागत नाही. अडचण एकच : मजकुराची क्रमवारी लावली तर दहा हे नऊच्या आधी येते, कारण तुलना डावीकडून एकेक अक्षराची होते. सगळे क्रमांक सारख्या लांबीचे असले, डावीकडे शून्ये भरलेली असली, की तीही मिटते. आपले सरकारी क्रमांक बहुतेक ठरावीक लांबीचेच असतात.

मग हे होत का नाही? कारण निविदेत ते लिहिलेले नसते. निविदेच्या तांत्रिक परिशिष्टात सर्व्हरची क्षमता असते, एकाच वेळी किती जण पोर्टल वापरू शकतील ते असते, मराठी फॉन्ट कोणता हेही असते. अर्ज क्रमांक कोणत्या प्रकारात ठेवायचा, हे कंत्राटदाराच्या मर्जीवर. कंत्राटदार ते दोन वर्षांच्या अनुभवाच्या मुलावर सोडतो. मुलगा दुसऱ्या कुठल्या तरी कामातून कोड उचलतो. त्या उचललेल्या कोडात क्रमांक संख्या असतो, कारण मूळ कामात ग्राहक तीनशेच होते. मी त्या मुलांना बोल लावत नाही. मी स्वतः, सगळे माहीत असून, तपासताना त्या ओळीवरून नजर पुढे नेली होती.

म्हणून माझी विनंती निविदेच्या परिशिष्टात एक वाक्य घालण्याची आहे. मसुदा मीच देतो, विधी विभागाने हवा तसा सुधारावा : “ज्या क्रमांकांवर बेरीज-वजाबाकी करावयाची नाही, ते सर्व क्रमांक डेटाबेसपासून पडद्यापर्यंत आणि डाउनलोड फाइलीपर्यंत मजकूर म्हणूनच हाताळले जातील.” आणि स्वीकृती चाचणीच्या वेळी, जिथे आज १२३४५ टाकून सह्या होतात, तिथे पूर्ण लांबीचे, शेवटी विषम अंक असलेले आणि शून्याने सुरू होणारे क्रमांक टाकून पाहावेत, अशी अट. जी पोर्टले आज चालू आहेत त्यांच्यासाठी विभागाने एक दिवस द्यावा. एका पोर्टलला एक माणूस अर्ध्या तासात तपासू शकतो. त्यासाठी सल्लागार नेमायची गरज नाही, केंद्रावरचा तो मुलगासुद्धा करील.

त्या बाईंच्या मुलीची शिष्यवृत्ती ऑगस्टमध्ये खात्यात आली. चारशे छप्पन्नावा अर्जदार कोण होता आणि त्याला आपला दाखला राहिला आहे हे वेळेत कळले का, हे मी नंतर शोधून पाहिले. त्याच्या पावतीवरचा क्रमांक त्या पाचांत एकटाच बरोबर उघडत होता, पण मुदत संपेपर्यंत तो केंद्रावर आलाच नाही.

महोदय, मर्यादेच्या पुढचा पहिला विषम आकडा इथे लिहून ठेवतो : ९००७१९९२५४७४०९९३. संगणकावर ब्राउझर उघडा, एफ बारा दाबा, कन्सोलमध्ये हा आकडा इंग्रजी अंकांत टाका आणि एंटर दाबा. शेवटी तीनऐवजी दोन दिसेल. मग तोच आकडा आपल्या विभागाच्या कुठल्याही पोर्टलच्या चाचणी सर्व्हरवर अर्ज क्रमांक म्हणून नोंदवायला सांगा आणि पडद्यावर, पावतीवर आणि डाउनलोड फाइलीत काय उमटते ते पाहा. तिन्ही ठिकाणी शेवटी तीन असेल तर हे पत्र दप्तरी दाखल करावे. नसेल तर कंत्राटदाराला त्याच दिवशी बोलवावे.

कळावे,
आपला,
एक प्रोग्रॅमर, पुणे